एकदा ओढलं की सोडायचं

१

मला किळस लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिचं आपलं काहीतरीच. कंगव्यात दुसऱ्याचा केस दिसला की माझं जेवण तिथंच संपतं. बेसिनच्या जाळीत जे साचतं ते मी चिमट्याने उचलते, तेसुद्धा तोंड फिरवून. ताई म्हणते, "तुझी आपली नाटकं." असू देत नाटकं. आईला सांभाळतंय कोण? ताई दोन गल्ल्या सोडून राहते आणि फोनवर उंटावरून शेळ्या हाकते.

आईला पक्षाघाताचा झटका आला आणि ती माझ्याकडे राहायला आली. पाय सावरला, जीभ सावरली, डावा हात मात्र गेला. म्हणजे आहे जागच्या जागी, पण मांडीवर नुसता पडलेला. थंडगार, जरा सुजट. मूठ कायम वळलेली, त्यामुळे आत मळ साचतो आणि आंबूस वास येतो. रोज ती मूठ उघडून पुसायची, तेल लावून एकेक बोट चोळायचं. हे सगळं मी न चुकता करते, पण रबरी मोजे घालून. आई त्यावर कधी काही बोलली नाही. मोज्यांकडे बघायची, मग खिडकीकडे बघायची.

त्या हाताने तिने जन्मभर शिवणकाम केलं. एकदा मशीनची सुई डाव्या अंगठ्याच्या नखातून आरपार गेली होती. तेव्हापासून ते नख मधोमध उभी चीर घेऊनच वाढतं. लहानपणी मी त्या चिरेवरून बोट फिरवत झोपायची म्हणे. मला तर विश्वास बसत नाही.

गेमचं खूळ काढलं फिजिओबाईंनी. "अंगठ्याला काम द्या," त्या म्हणाल्या. "कंट्रोलर हातात द्या, गाडी चालवू दे त्यांना." भावजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा गेमिंगचा कॉम्प्युटर आमच्या घरी हजर. आता आई घाटातून ट्रक चालवते. जन्मात कधी सायकलवर न बसलेली बाई समोरच्या गाडीवाल्याला म्हणते, "डोळे फुटले काय रे मेल्या!" उजव्या हाताने वेग, डाव्या अंगठ्याने वळण. अंगठा हलत नव्हता, म्हणून तो पट्टीने कंट्रोलरच्या दांडीला बांधायचा आणि आईने खांद्यापासून अख्खा हात ढकलायचा. दर वळणाला ट्रक दरीत. तरी तासन्‌तास खेळायची.

फिजिओबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "यायची असेल तर हालचाल या दोन-तीन महिन्यांतच येईल. त्यानंतर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही." तेव्हा गेम बंद पडता कामा नये, एवढंच मी डोक्यात धरून होते.

आणि नेमका तोच बंद पडायला लागला. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, कारण त्याचा पंखा गिरणीसारखा घुमतो. स्क्रीन आईच्या खोलीत. मधली केबल भिंतीतल्या पाइपातून गेलेली, जुनी. आमच्या आधी राहणाऱ्या कुणीतरी तो पाइप भिंतीत घातला होता. ऐन वळणावर स्क्रीन काळी व्हायची आणि दोन-चार क्षणांनी परत यायची. तेवढ्यात आई पांढरीफटक. झटका आला तेव्हाही तिला आधी सगळं असंच काळं झालं होतं.

"मला वाटतं मी परत चालले," ती म्हणायची आणि कंट्रोलर ठेवून द्यायची.

भावजी म्हणाले, "जुनी केबल एवढा भार ओढत नाही. भिंतीतली बदलू या."

२

सुट्टीच्या दिवशी सकाळी भावजी नवी केबल घेऊन आले. बारीक, काळी, मऊ वेष्टणाची.

"हिच्या आत काच असते, केसाएवढी," ते म्हणाले. "वाकवायची नाही. आणि उलटीही घालायची नाही. बोलणारं टोक कॉम्प्युटरकडे, ऐकणारं टोक स्क्रीनकडे."

"म्हणजे तुमच्या घरातल्यासारखंच," आई म्हणाली. "बोलणारी एक, ऐकणारे एक."

"बघ, सासूबाईंची जीभ पूर्ण बरी झाली," भावजी मला म्हणाले.

काम तसं सोपं. जुनीच्या शेपटाला नवी टेपने बांधायची. एकाने मागच्या खोलीतून जुनी ओढायची, दुसऱ्याने आईच्या खोलीतून नवी आत सोडायची. पायजम्यात नाडी घालतात तसं. मला याची सवय होती. लहानपणी आई माझ्याकडून पडद्यांच्या दोऱ्या ओवून घ्यायची. लांबच लांब पडदे, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मशीनच्या खडखडाटात हाका ऐकू यायच्या नाहीत, म्हणून आमची एक खूण होती. दोरीला एक हिसका बसला की सोडायचं. दोन बसले की थांबायचं. आणि समोरच्यानेही तेवढेच हिसके देऊन कळवायचं, की समजलं. भावजींना मी तीच खूण शिकवली. झटक्यानंतर कुणी मोठ्याने ओरडलं की आई थरथरायला लागते, त्यामुळे या खोलीतून त्या खोलीत हाका मारायची सोय नव्हती.

भावजी आईच्या खोलीत गेले, मी मागच्या. तिथे पाइपाचं तोंड जमिनीलगत आहे. मी फतकल मारून बसले आणि एक हिसका दिला. तिकडून एक आला. मी ओढायला लागले.

पहिला हातभर भाग कोरडा होता. मग बोटं चिकटली. केबलवर हिरवट, दाट असं काहीतरी होतं, सर्दी पिकल्यावर रुमालात येतं तसं. शी! आणि ते कोमट होतं. भिंतीत कोमट कशाला असेल काही? वासही आला. कवळी रात्रभर ज्या वाटीत ठेवतात, त्या वाटीतल्या शिळ्या पाण्याचा. मी केबल टाकणारच होते. टाकली नाही. दोन हिसके दिले. तिकडून दोन आले. मी उठले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मोजे घातले आणि नाकाला फडकं बांधून परत येऊन बसले.

एक हिसका. तिकडून एक.

आता केबल सुरेख येत होती. मी ओढायची तेवढीच तिकडून सुटत होती, ना जास्त ना कमी. मी थांबले की थांबायची. मनात म्हटलं, भावजी इतके समंजस कधीपासून झाले? जुनीचा गुंता माझ्या पायाशी वाढत चालला. मधेच केसांचा एक पुंजका आला, ओला, चिकट. मी डोळे मिटून ओढत राहिले. शेवटी टेपची गाठ आली आणि मागोमाग नवी केबल. टेपवर बारीक बारीक खळगे पडले होते. शाळेतली मुलं पेन्सिलीचं मागचं टोक चघळतात ना, त्यावर असतात तसे.

मी तशीच फडकं बांधून बाहेर आले. भावजी स्वयंपाकघरात आईसमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होते.

"संपलं का?" मी विचारलं.

"काय संपलं? तूच नाही का थांबवलंस? दोनदा ओढलंस, मी दोनदा उत्तर दिलं आणि इकडे आलो. चहा तयार होता."

"आणि त्यानंतर मी एकदा ओढलं ते?"

"ते कधी?"

"हे इथेच बसलेत गं," आई म्हणाली. "बोट दिलं की हात धरायची सवय यांना. मी एक बिस्कीट दिलं, यांनी डबा संपवला."

मी आईच्या खोलीत जाऊन बघितलं. नवी केबल नीट आत गेली होती. भिंतीतल्या भोकाशी कुणी नव्हतं. कोण असणार?

भावजींकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं आणि मला त्या वेळी ते हवंच होतं. केबल जमिनीवर सैल पसरून ठेवली होती, आपोआप आत गेली. हिसके म्हणजे पाइपाच्या वळणावर गाठ अडकते आणि सुटते. चिकट काय? जुनं प्लास्टिक कुजलं की त्यातलं तेल बाहेर येतं. केस? उंदीर. खळगे? उंदीर. कोमट? "अगं, त्या खोलीत केवढी गरमी आहे!" सगळं पटलं. जुनी केबल मी दोन पिशव्यांत गुंडाळून घराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मोजेही टाकून दिले.

३

चित्र असं स्वच्छ आलं की बोलायची सोय नाही. घाटातलं पान न् पान दिसत होतं. स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. आई हरखून गेली.

एकच गोष्ट अडली. नव्या केबलच्या मागची पिन लांब होती, त्यामुळे भोकावरची जुनी प्लेट बसेना. "मोठी प्लेट आणतो पुढच्या वेळी," भावजी म्हणाले. त्यांची पुढची वेळ म्हणजे काय, हे ताईला विचारा. तेव्हा भोक तसंच राहिलं. मूठ जाईल एवढं, टेबलाच्या उंचीवर, आईच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला. पुढेमागे लागेल म्हणून केबलचा एक मोठा वेढा बाहेर ठेवला होता. तो टेबलाच्या कडेवरून लोंबायचा.

पुसताना तो वेढा मला लहान वाटला. मग आणखी लहान. म्हटलं, आपल्याच वजनाने आत सरकत असेल. वजन खाली ओढतं आणि पाइप भोकापासून वर जातो, हे मला माहीत होतं. पण मी ते फार वेळ माहीत ठेवलं नाही. भोकापाशी तो कवळीच्या वाटीचा वास येत होता. मी खोलीत उदबत्ती लावली.

मग आईचा हात. तेल चोळायला मूठ उघडली तर तळवा ओला. नेहमीची थंड ओल नव्हे, कोमट. मोज्यावर तार आली. दोन बोटांमध्ये लांब झाली, मधे लोंबली आणि तुटली. मला उमासाच आला.

"हे काय सांडलंस?"

"घाम असेल," आई म्हणाली. स्क्रीनवरून नजरसुद्धा काढली नाही.

कातडी सुरकुतली होती, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होते तशी. आईची नखं मी कापते. त्या आठवड्यात कापायची राहून गेली होती, तरी ती आखूड होती. कापलेली नव्हेत, कडा वेड्यावाकड्या. कुणीतरी कुरतडल्यासारख्या. मी विचारलं, "तोंडात घालतेस की काय बोटं?" आई हसली. झटक्यानंतर माणसं लहान मुलांसारखी होतात, असं मी वाचलं होतं. मी तोंड फिरवून हात पुसला आणि संपवलं.

आणि त्याच दिवशी अंगठा हलला.

मी खोटं सांगत नाही. फिजिओबाईंनी पट्टी सोडली, म्हणाल्या, "नुसता विचार करा, आजी." अंगठा वाकला. ट्रक वळला. परत सरळ झाला, ट्रक सरळ झाला. फिजिओबाईंनी टाळ्याच वाजवल्या. "काय केलंत तरी काय तुम्ही घरी?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "केबल बदलली."

आम्ही तिघी खूप हसलो. आईने तो हात मानेपर्यंत उचलायचा प्रयत्न केला, तो नाही जमला, पण बोटं हलली. मी न्हाणीघरात जाऊन दार लावून रडले. आनंदाने रडले. मग हातांना साबण लावला, दोनदा लावला.

४

दुपारचे कपडे वाळत घालून आले तेव्हा घर शांत होतं. गेमचा आवाज नव्हता. म्हटलं, आई डुलकी काढत असेल.

खोलीत स्क्रीनवर ट्रक घाटात थांबवलेला. आई खुर्चीत, डोळे मिटलेले, चेहरा असा निवांत की झटक्याच्या आधीसुद्धा मी कधी पाहिला नव्हता. आणि डावा हात मनगटापर्यंत भिंतीच्या भोकात.

आवाज येत होता. बारीक, ओला, एका लयीत. तान्हं मूल बाटली ओढतं तेव्हा येतो तसला. मधे थांबायचा, घोट गेल्यासारखा, आणि परत सुरू.

मी किंचाळले असेन. आईचं कोपर धरून मी मागे खेचलं. हात लगेच सुटला नाही. आतून ओढ होती, जोराची नव्हे, पण सोडायची इच्छा नसलेली. मग तो सुटला. सुटतानाचा आवाज मी लिहिणार नाही. मनगटापासून बोटांपर्यंत तार धरलेली लाळ, आणि माझ्या उघड्या हाताला लागलेली. मी तिथेच, टेबलाच्या पायाशी ओकले.

"अगं, अगं, काय झालं?" आई घाबरून म्हणाली.

"आई, काय आहे आत?"

"मला काय माहीत. मी बघितलं नाही."

"मग हात कशाला घातलास?"

आईने उजव्या हाताने तो ओला हात मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली, "तिथे कळतं मला."

"काय कळतं?"

"हात. झटक्यानंतर पहिल्यांदा गं. ऊब कळते. ओल कळते. कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. ते एकदा ओढतं, मी सोडते. आपल्या पडद्याच्या दोरीसारखं. आठवतं ना तुला?"

"सोडतेस म्हणजे? काय सोडतेस?"

"सैल सोडते. एकदा ओढलं की सोडायचं."

"आणि दोनदा ओढून बघितलंस? थांब म्हणून?"

"कशाला?" आईने खरंच नवलाने विचारलं. "थांबवू कशाला? अंगठा हलला ना माझा?"

"आई, घाण आहे ती! किळस नाही येत तुला?"

"तू मोजे घालतेस," आई म्हणाली. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. "तू करतेस एवढं कुणी करणार नाही, हे मला कळतं. पण बाळ, त्याला माझी किळस येत नाही."

मी तिला न्हाणीघरात नेलं, नळाखाली तो हात धरला, साबण चोळला. नेहमीसारखं तोंड फिरवूनच. भिंतीवरच्या फरशांच्या रेघा बघत मी हात धुतला आणि आई माझ्याकडे बघत होती.

५

भावजींना फोन लावला. "भिंतीत जनावर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"उंदीरच तो. मी कामासाठी बाहेरगावी आलोय, आलो की बघतो. तोवर भोकात फडकं कोंब. केबल ओढू नकोस हं, काच तुटेल."

फडकं मी कोंबलं होतं. ते आत गेलं होतं. दुसरं कोंबलं, तेही गेलं.

मग मी ठरवलं. केबल काढायची, दोन्ही तोंडं सिमेंटने बुजवायची. गेम गेला तर गेला. दुसरी आखूड केबल आणू, कॉम्प्युटर आईच्या खोलीत ठेवू, तो घुमेना का. आईला सांगितलं तर ती आधी हट्टाला पेटली, मग एकदम नरमली.

"एवढी फेरी संपू दे," ती म्हणाली. "चांगली चाललीये."

तेवढं मी कबूल केलं. संध्याकाळ व्हायची होती, खिडकीतून चांगला उजेड येत होता. मी आईजवळच्या भोकासमोर जाड फळी लावली, फळीला दुसऱ्या खुर्चीचं टेकण दिलं आणि मागच्या खोलीत आले. दोन्ही दारं उघडी ठेवली, म्हणजे आईचा आवाज येत राहील. कॉम्प्युटरचा पंखा घुमत होता. इथेही केबल ताणलेली दिसली. या तोंडाशीही आम्ही एक वेढा ठेवला होता, तो पार संपला होता आणि पिन खोबणीतून निसटायच्या बेतात होती. आई खेळत असताना ती निसटली असती तर स्क्रीन काळी. म्हणून थोडी सैल करावी, एवढ्याचसाठी मी केबल हातात घेतली. आणि सवयीने, हो, निव्वळ सवयीने, एक हिसका दिला.

तिकडून एक आला.

आणि केबल सुटायला लागली. सैल, ओली, कोमट. मी ओढली नाही, ती माझ्या हातात येत गेली. हातभर, मग आणखी. मांडीवर तिचा ढीग झाला. मला सोडता येईना. मोजे नव्हते माझ्या हातात. केबलबरोबर आणखी काहीतरी पुढे सरकत येत होतं, पाइपाच्या आत, मऊ मऊ घासत.

मी मोबाइलचा उजेड धरला.

पाइपाच्या तोंडाशी, केबलला चिकटून, अंगठा होता. पांढरा, फुगलेला, सुरकुतलेला. त्याचं नख मधोमध उभं चिरलेलं.

तो वाकला.

"वळला!" पलीकडून आईचा आनंदाने ओरडल्याचा आवाज आला.

अंगठा सरळ झाला. परत वाकला, दुसरीकडे.

"हाऽऽ! वळला की नाही!"

नुसता अंगठा नव्हता. त्याच्यामागे बाकीचं होतं. पाइपात मावावं म्हणून ते कसंकसं दुमडून घेतलेलं होतं आणि त्याच्याही मागे काहीतरी ओलं होतं, ज्याने ते अलगद धरलं होतं. अलगद, हे मी शपथेवर सांगते. मोडू नये म्हणून धरतात तसं. पुढचं मी बघितलं नाही. मी तोंड फिरवलं. जन्मभराची सवय, ती तिथे कामाला आली.

हातातली केबल सुटली. आत काहीतरी सावकाश मागे सरकत गेल्याचा आवाज आला.

६

मी धावत आईच्या खोलीत गेले. फळी जागेवर होती, खुर्ची जागेवर होती. आई स्क्रीनकडे बघून हसत होती. ट्रक घाटमाथ्यावर उभा होता आणि स्क्रीनभर रंगीत कागदाचे कपटे उडत होते.

"पहिला नंबर," आई म्हणाली. "एकदासुद्धा दरीत गेले नाही. बघ तरी."

मी स्क्रीनकडे बघितलं नाही. तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. झटका आल्यापासून पहिल्यांदा, मान न वळवता बघितलं. कंट्रोलरवर तो हात नीट बसला होता. गुलाबी, गुबगुबीत, जरासा चकाकणारा. मनगटाशी कातडीचा रंग बदलत होता, तिथवर आईचा हात सावळा होता. अंगठ्याचं नख पातळ, नितळ. चीर नव्हती.

"आई," मी म्हटलं, "तुझं नख..."

"आलं ना नवं? मीही आत्ताच बघितलं." तिने तो हात उचलला. सहज उचलला, कुणाच्याही मदतीशिवाय, आणि माझ्यापुढे धरला. तळवा वर केला. तळव्यावर एकही रेघ नव्हती. "आता तरी धर. मोजे राहू देत."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. एवढे महिने ती वाट बघत होती, अंगठ्याची नाही, याची. मी त्या क्षणी मागे सरले असते तर ती पुढे काही म्हणाली नसती. खिडकीकडे बघितलं असतं तिने. माझी आई आहे ती. मी हात पुढे केला.

तो कोमट होता. ओला होता. हाडं असावीत तिथे नीट हाडं नव्हती. बोटं माझ्या बोटांवर एकेक करून मिटली आणि कवळीच्या वाटीचा वास आला.

"कळतोय मला," आई रडत म्हणाली. "अगं, तुझा हात कळतोय. किती गार आहे!"

"हो, आई."

"सोडू नकोस हं इतक्यात."

"नाही सोडत."

तिने उजव्या हाताने डोळे पुसले आणि कंट्रोलर मांडीवर सारखा करून पुढची फेरी लावली. ती स्क्रीनकडे बघत होती. माझ्याकडे लक्ष नव्हतं तिचं, हे मी नीट बघून घेतलं.

तेव्हा त्या हाताने माझा हात एकदा ओढला.

मी बोटं घट्ट केली आणि जेवढं जमेल तेवढ्या स्पष्टपणे दोन हिसके दिले.

उत्तर लगेच आलं. एकच.